हजेरी

निकालाचे दिवस आले, की शाळेत सरासरीला मोठा भाव येतो. वर्गाची सरासरी ६० आली, की पालक खूश, मुख्याध्यापक खूश, आणि गुरुजीही जरा ऐटीत चालू लागतात. पण या ६०च्या पांघरुणाखाली कोण कोण निजले आहे, ते सरासरी कधी सांगत नाही. तिच्यात ९० गुण मिळवणारी पोर असते, तसा सहा महिन्यांपासून गप्प झालेला मागच्या बाकावरचा पोरगाही असतो. तो सापडतो हजेरीत. एकेकाचे नाव घेऊन वर पाहावे. मग कळते, की हा ‘हजर’ म्हणाला खरा, पण आवाज नेहमीचा नाही.

ही हजेरीची युक्ती विज्ञानालाही बऱ्याच उशिरा साधली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा माणूस. जनुकांच्या वाटेला आपणहून कशाला जातो? मला त्या वाटेला लावले ते आमच्या थोरल्या वहिनींच्या खोकल्याने.

खोकला कोरडा. आधी माळवदावर चढताना दम लागे, मग अंगण झाडतानाही लागू लागला. एका दवाखान्यात क्षयाची औषधे सहा महिने दिली. थुंकीत जंतू कधी सापडले नाहीत आणि खोकलाही हटला नाही. शेवटी सोलापूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन पाहिला, फुप्फुसांत वण धरला आहे म्हणाले, आणि विचारले, “घरात पारवे आहेत? कूलर आहे?”

वहिनी म्हणाल्या, “पारवं हायत की माळवदावर. अन् कूलरबिगर आमच्या धाराशिवात उन्हाळा निघतोय व्हय? पण त्यांचा अन् माझ्या खोकल्याचा काय संबंध?”

संबंध होता. भारतातल्या १९ शहरांत, २७ ठिकाणी अशा १,०८४ रोग्यांची नोंद झाली आणि ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांत जवळजवळ निम्म्यांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ होता. म्हणजे श्वासावाटे येणारी बुरशी, पिसांची नि विष्ठेची धूळ फुप्फुसाला सोसत नाही, आणि ते आतल्या आत धुमसत राहते. या निम्म्यांतल्याही निम्म्याच्या आसपास रोग्यांचा कूलरशी संबंध आला होता. ज्याच्या ओल्या गवतासमोर बसून आपण मे महिन्याला तोंड देतो, तोच हा कूलर!

पण धुमसणे वेगळे आणि वण धरणे वेगळे. पोराचा गुडघा फुटला, की खपली धरते, वण राहतो, आणि पोर पुन्हा हुंदडायला मोकळे. फुप्फुसाचे तसे नाही. हवेच्या कोट्यवधी इवल्या फुग्यांचा तो संसार. फुग्याची भिंत अतिशय पातळ, म्हणून तर प्राणवायू तिच्यातून रक्तात उतरतो. तिथे वण धरला, की भिंत जाड होते, फुगा ताणत नाही, आणि माणूस उंबरठ्यापाशी धापा टाकतो.

हा वण कोण घालते? पूर्वी शास्त्रज्ञ फुप्फुसाचा तुकडा घेत, सगळा एकत्र वाटत आणि त्यातली जनुके काय बोलतात ते ऐकत. ती वर्गाची सरासरी झाली. २०१५च्या सुमारास नवी युक्ती आली. तुकड्यातल्या पेशी सुट्या करायच्या, एकेकीला तेलात तरंगणाऱ्या पाण्याच्या इवल्या थेंबात बसवायचे, आणि तिच्या जनुकांच्या निरोपांवर तिचा स्वतःचा क्रमांक टाकायचा. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक घालतात ना, तसाच. मग सगळ्या उत्तरपत्रिका एका गठ्ठ्यात आल्या, तरी कुठले उत्तर कुणाचे ते कळते.

जुलै २०२०मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी अशी हजेरी छापली. एकाने तीन लाखांवर पेशी मोजल्या, दुसऱ्याने लाखावर. बहुतेक फुप्फुसे रोपणाच्या वेळी काढलेली. शेजारी तुलनेला निरोगी. दुसऱ्या गटाकडे वहिनींच्या जातीच्या आजाराचीही थोडी होती. दोघांनाही, स्वतंत्रपणे, एकच अनोळखी टोळी सापडली. फुग्याच्या भिंतीत काही पेशी राखीव असतात. इजा झाली, की त्यांनी रूप पालटून पातळ व्हायचे आणि भिंत सांधायची. ही टोळी धड राखीव नाही, धड पातळ नाही. वरच्या वर्गात चढता चढता जिन्यातच अडकलेल्या पोरांसारखी. आणि ती सापडली नेमकी वण विणणाऱ्या पेशींच्या कडेला. संख्या इतकी थोडी, की सरासरीत तिचा मागमूसही लागला नसता. ही टोळी आजाराचे मूळ आहे की आजाराने बिघडलेली, याचा निवाडा अजून व्हायचा आहे. पण कुणाकडे पाहायचे, एवढे तरी ठरले.

औषधांची गोष्ट मात्र सावकाश चालते. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही दोन औषधे वणाची चाल मंदावतात. धरलेला वण पुसणारे औषध अजून निघालेले नाही. वहिनींच्या बाबतीत पहिला उपाय बिनपैशाचा निघाला. कूलर गेला, माळवदावर जाळी बसली आणि पारवे शेजारच्या पडक्या वाड्यात राहायला गेले. गेलेला दम सगळा परत आला नाही. आहे तो टिकून आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. २०२३ साली जगातल्या ४८६ माणसांच्या फुप्फुसांतल्या २४ लाख पेशींचा एकत्र हजेरीपट तयार झाला. केवढे काम! पण त्यात मोठा भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा. आमच्या वहिनी ज्या हवेत साठ वर्षे श्वास घेत आल्या, ती चुलीची, धुळीची, कूलरच्या ओलीची हवा त्या पटात कितीशी आली असेल? ज्यांची नावे पुकारलीच जात नाहीत, त्यांची गैरहजेरीही कुणाला कळत नाही. आमच्याकडच्या फुप्फुसांचीही अशी हजेरी व्हायला हवी, आणि ती आमच्याच डॉक्टरांनी घ्यावी.

तोवर घरोघरी करण्याजोगे एक काम आहे. खोकला महिनोन् महिने हटत नसेल, तर डॉक्टरांना घरातला कूलर सांगा, माळवदावरचे पारवेही सांगा. यंदा फराळाच्या कढईपाशी आमची धाकटी सून बसली आहे. वहिनी ओसरीवर मोकळ्या हवेत बसून करंज्यांना मुरड घालतात, आणि एखादी सुटली, की तिथूनच ओरडतात. आवाज जरा बारीक झाला आहे. पण घरातल्या प्रत्येकाला तो ओळखू येतो.