मूर्तिजापूरला माल उतरवावा लागतो

वऱ्हाडातल्या कापसाला मूर्तिजापूर चुकायचं नाही. यवतमाळकडून एक फाटा यायचा, अचलपूरकडून दुसरा. दोन्हीकडचे रूळ 762 मिलिमीटर रुंद, म्हणजे शकुंतला या छोट्या रेल्वेचे. आणि त्याच स्टेशनातून जाणारी मुंबई–नागपूर मोठी लाइन 1676 मिलिमीटरची. शकुंतलेचा डबा कितीही भरलेला असो, त्याला तिथून पुढे वाट नव्हती. गाठी उतरवायच्या, मोजायच्या, मोठ्या वाघिणीत चढवायच्या, मग मुंबई. मँचेस्टरात 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन या अरुंद रुळांवर 1994 पर्यंत राबलं. इंजिनात खोट नव्हती, रुळांतही नव्हती. अडायचं ते दोन मापांच्या मधे.

बडनेऱ्याला गाडीत बसलं की अकोल्याच्या वाटेवर हे स्टेशन लागतं. शकुंतला आता थांबली आहे. पण त्या दिवशी मूर्तिजापूर आलं, तेव्हा मांडीवरच्या पिशवीत काकांची जुनी हार्ड डिस्क होती आणि माझ्या मनात त्या गाठीच घोळत होत्या.

काकांचं अमरावतीला राजकमल चौकाजवळ डीटीपीचं दुकान होतं. लग्नाच्या पत्रिका, तेरवीच्या पत्रिका, शाळांच्या स्मरणिका, संत्र्याच्या कलमांची पत्रकं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यापीठात सादर करायचे प्रबंध. पेजमेकर उघडा, मजकूर ओता, प्रूफ काढा, लाल पेनानं खुणा करा, पुन्हा बसा. दुकान आवरलं तेव्हा संगणक भंगारात गेला. डिस्क मात्र काकांनी काढून धोतराच्या फडक्यात बांधून ठेवली. 40 जीबीची, हातात धरली की वजन जाणवणारी.

अकोल्यातला माझा संगणक नवा. त्याच्या मदरबोर्डावर या डिस्कसाठी जागाच नाही. डिस्क आयडीई जातीची. तिला पाठीमागे 40 टाचण्यांची दुहेरी रांग, त्यातली एक मुद्दाम गाळलेली, म्हणजे केबल उलटी बसू नये. ती केबल म्हणजे चांगली रुंद चपटी पट्टी, एका कडेला लाल रेघ. ती रेघ पहिल्या टाचणीकडे ठेवायची. 2003 च्या सुमारास साटा आली. सात तारांची बारीक केबल, वेग जास्त, पेटीत हवा खेळायला मोकळीक. इंटेलनं 2006 पासून आपल्या चिपसेटमधून आयडीई वगळली. बोर्ड बनवणाऱ्यांनी काही वर्षं वेगळी चिप लावून जुन्या गिऱ्हाइकांची सोय पाहिली, मग तीही गेली. कुणी घोषणा करून दार बंद केलं नाही. पुढच्या घराला ते दार ठेवलंच नाही, इतकंच.

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले आहेत. टेबलावर उघडे लॅपटॉप, भिंतीला केबलींचे झुबके. डिस्क पाहून त्यांचा चेहरा खुलला.

“काऊन जी, हे कुठून काढली?”

“काकांची आहे. उघडेल का?”

“पयले जम्पर पाहू द्या, भाऊ. मंग सांगतो.”

जम्पर म्हणजे नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी. एका केबलवर दोन डिस्का लागायच्या. मास्टर कोण नि स्लेव्ह कोण, ते ही टोपी कोणत्या टाचण्यांवर आहे त्यावरून ठरायचं. नकाशा डिस्कच्या लेबलवरच छापलेला. त्यांनी चिमट्यानं टोपी उचलून मास्टरवर बसवली आणि खणातून एक जोडणी काढली: एकीकडे आयडीई, दुसरीकडे यूएसबी आणि विजेसाठी वेगळा अॅडॉप्टर. यूएसबीतून येतात 5 व्होल्ट. या डिस्कची चकती फिरवणारी मोटर 12 व्होल्ट मागते. तो अॅडॉप्टर नसेल तर डिस्क नुसती पडून राहते आणि आपण तिला मेलेली समजतो.

बटण दाबलं. आधी बारीक घरघर, मग चढत जाणारा स्वर, मग काट्याची टकटक. पडद्यावर फोल्डर आले. त्या डिस्कवरचं जुनं विंडोज सुरू करायच्या नादाला आम्ही लागलो नाही. ते जुन्या बोर्डाच्या ओळखीवर बेतलेलं, नव्या बोर्डाची सुरू व्हायची रीतच वेगळी. आम्हाला फक्त माल हवा होता, आणि डिस्कची फॅट32 ही मांडणी आजचे संगणकही वाचतात.

घरी येऊन फायली उघडल्या तर मराठीचं अक्षर नाही. रोमन अक्षरं, त्यांवर टिंबं, टोप्या, मधेच पौंडाची खूण. तेव्हाच्या फॉन्टांनी इंग्रजीच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते: कुठे काना, कुठे अर्धा म, कुठे रफार. प्रत्येक कंपनीची बैठक निराळी. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा 1991 पासून होत्या, पण छपाईची दुकानं पुढे कैक वर्षं आपापल्या फॉन्टांवरच चालली. म्हणजे तारा जुळल्या, वीज मिळाली, मांडणी वाचता आली, तरी अजून एक मूर्तिजापूर बाकी होतं. सुदैवानं काकांचे फॉन्ट त्याच डिस्कवर, विंडोजच्या फोल्डरात होते. ते नव्या संगणकात टाकले आणि पान जागच्या जागी मराठी झालं. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलत गेलो. जोडाक्षरं सांडत होती, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत होते. यंत्र बरंचसं उचलतं. उरलेलं डोळ्यांनी वेचावं लागतं.

म्हणून वाचावं लागलं. पत्रिकांमधले आजोबा, ज्यांच्या नावामागे पुढच्या फायलीत ‘कै.’ लागलेलं. कापसावरच्या बोंडअळीचा प्रबंध. एका शाळेच्या स्मरणिकेतली मुलांची नावं, पानभर. काका अकोल्याला आले तेव्हा त्यांना प्रबंध उघडून दाखवला. मला वाटलं, गहिवरतील. त्यांनी चष्मा लावला आणि बोट थेट पडद्यावर टेकवलं.

“परिशिष्ठ? ट पाहिजे थितं. पयले थे दुरुस्त कर.”

“काका, तो प्रबंध केव्हाच बांधून ग्रंथालयात गेला.”

“गेला तं गेला. हे तं आपल्याजवळ आहे ना?”

मी दुरुस्त केलं. मग ते खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत प्रूफं पाहत राहिले.

माझ्या स्वतःच्या फायली एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये आपोआप जातात. एकाच रुळावरून, विनाअडथळा, आणि म्हणूनच मी त्यांतली एकही उघडून पाहिलेली नाही. काकांच्या डिस्कनं प्रत्येक टप्प्यावर अडवलं, माल खाली उतरवायला लावला. उतरवला म्हणून मोजला, मोजला म्हणून वाचला. दोन मापं जुळत नाहीत ही गैरसोय खरीच; पण आपल्याजवळ नेमकं काय आहे, हे कळायची वेळही बहुधा तीच असते.