लेन्स किती फुटांची?

'मीडियम फॉरमॅट' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी साठी उलटून गेली होती. आणि गंमत म्हणजे त्याआधी कितीतरी वर्षं मी तोच प्रकार वापरत आलो होतो! माझ्या पिढीतल्या पुष्कळांचं असंच झालं असणार. १९७४ साली शाळेत नोकरी लागली आणि पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून मी आग्फाचा 'क्लिक थ्री' घेतला. बडोद्याला तयार व्हायचा तो. त्यात १२० नंबरचा रोल घालायचा, बारा फोटो निघायचे, तेही चौकोनी. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे, घरच्या बारशांचे सगळे फोटो त्यानेच काढले. उन्हाची आणि ढगाची खूण बघून एक खटका सरकवला की झालं. लेन्स कोणती घ्यावी हा प्रश्नच नव्हता. जी होती ती डब्याला कायमची चिकटलेली!

हा १२० चा रोल कोडॅकने १९०१ साली काढला. सव्वाशे वर्षं होत आली, अजून मिळतो. त्यावरचं चौकोनी चित्र म्हणायला ६ बाय ६ सेंटिमीटरचं, प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटरचं. नेहमीच्या छोट्या रोलवरचं चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं असतं. म्हणजे आपल्या चौकोनाचं क्षेत्रफळ त्याच्या साडेतीन पटींहून जास्त. फोटो मोठा करायचा झाला की हा फरक डोळ्यांना दिसतो. कातडीवरची सुरकुती ही सुरकुतीच राहते, तिचा डाग होत नाही.

फोटो मोठा करायची वेळ आपल्याकडे कधी येते, हे मी सांगायला नको. माणूस गेल्यावर! घरात धावपळ सुरू होते. कुणी आधार कार्डावरचा फोटो काढतं, कुणी मोबाइलमधला लग्नातला ग्रुप. माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, गेले तेव्हा असाच एका लग्नातल्या ग्रुपमधून त्यांचा चेहरा कापून घेतला. चेहरा पुसट आहेच, पण त्यांच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला आहे. चार बोटं. कुणाचा हात ते आता कुणालाच सांगता येत नाही. गेली नऊ वर्षं त्या फोटोला हार पडतो आणि त्या चार बोटांनाही पडतो.

अक्का माझी थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. चिपळूणजवळच्या खेड्यात असते. मी कऱ्हाडला. कुंभार्ली घाट उतरला की तिचं घर. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेलो तेव्हा ती दाजींच्या फोटोकडे बघत म्हणाली, "तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आलाय ना? मग माझा एक बरासा काढून ठेव. हार घालायला होईल असा. आणि माझ्या खांद्यावर कुणाचा हात नको."

असं काही बोललं की आपण लगेच "काहीतरीच काय बोलतेस!" म्हणतो. मीही तोंड उघडलं होतं. पण तिने ते इतक्या सरळपणे सांगितलं होतं, गॅसचा नंबर लावून ठेव म्हणावं तसं, की मी नुसतं "बरं" म्हणालो.

तो 'मोठा कॅमेरा' म्हणजे मामिया सी २२०. जपानी, १९६८ साली बाजारात आलेलं मॉडेल. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद करताना त्याने हा कॅमेरा मला आणून दिला. "सर, भंगारात घालवत नाही, तुम्ही वापरा." एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून चित्र फिल्मवर जायचं. वरून मान खाली घालून काचेत पाहायचं, आणि त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. अशा दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत लेन्स बहुधा कायमची बसवलेली असते. मामियाच्या या घराण्याचं वैशिष्ट्य असं, की पुढची दोन भिंगांची अख्खी जोडी पाटीसकट काढून दुसरी लावता येते. बाजूची कळ फिरवली की आत एक पडदा येऊन फिल्म झाकते, त्यामुळे रोल अर्धा झालेला असतानाही लेन्स बदलता येते. ५५ मिलिमीटरपासून २५० पर्यंत सात मापांच्या जोड्या कंपनीने काढल्या: ५५, ६५, ८०, १०५, १३५, १८० आणि २५०. माझ्याकडे आली ती ८० ची.

आता ८० च का, तर त्यामागे आपल्या शाळेतला पायथागोरस आहे. चित्राचा कर्ण जेवढा, साधारण तेवढ्या मापाची लेन्स ही त्या कॅमेऱ्याची 'नॉर्मल' लेन्स समजतात. ५६ चा वर्ग ३१३६, त्याची दुप्पट ६२७२, त्याचं वर्गमूळ ७९ च्या आसपास. म्हणून ८०. मी भाषेचा शिक्षक, पण हे गणित सुटलं तेव्हा वर्गात हात वर करावासा वाटला!

मग अक्काच्या फोटोसाठी ८० चालेल का? विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, चेहऱ्यासाठी १३५ बघा, नाहीतर सरळ १८० घ्या. ८० ने नाक मोठं येतं." पुस्तकं चाळली, तीही तेच सांगतात. पण नाक मोठं का येतं, याचा थोडा विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की यात लेन्सचा थेट काही संबंधच नाही. दोष लेन्सचा नसतो, आपण किती जवळ जाऊन उभे राहतो त्याचा असतो.

जरा हिशेब मांडू या. अक्का डोक्यापासून छातीपर्यंत, म्हणजे साधारण दोन फुटांचा भाग, पूर्ण चौकोनात बसवायची आहे. त्यासाठी ८० ची लेन्स लावून तिच्यापासून तीन फुटांवर जावं लागतं. १०५ लावली तर चार फुटांवर, १३५ ला पाच फूट आणि १८० ला जवळपास सात फूट. आता माणसाचं नाक कानाच्या ढोबळ मानाने बारा सेंटिमीटर पुढे असतं. तीन फुटांवरून पाहिलं तर नाक कानापेक्षा तेराएक टक्के मोठं उमटतं. चार फुटांवर दहा टक्के, पाच फुटांवर आठ आणि सात फुटांवर सहाच्या आत. म्हणजे जितके लांब जाऊ तितका चेहरा शांत, सपाट होत जातो. १८० ची शिफारस का करतात ते कळलं. सात फुटांवर उभं राहा, नाक-कान आपापल्या जागी बसतात.

म्हणजे दुकानात मिलिमीटर सांगून लेन्स विकत असले, तरी आपण खरं तर फूट विकत घेत असतो. हे समजल्यावर मी लेन्स बघायला जाण्याऐवजी शिवणाच्या मशीनवरची टेप खिशात घातली आणि चिपळूणची एस. टी. धरली.

याला कारण होतं. अक्काला ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून बहुतेक वेळ डबीत असतं. डावा कान बरा, उजवा जवळजवळ गेलेला. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. ऐकू न येणाऱ्या माणसाचं एक वेगळं हसू असतं. आपण काहीतरी बोललो, ते कळलं नाही, पुन्हा पुन्हा "काय?" विचारायचा संकोच वाटतो, मग ते माणूस नुसतं गोड हसतं आणि मान हलवतं. अक्काचे गेल्या काही वर्षांतले सगळे फोटो त्या हसण्याचे आहेत. लांबून कुणीतरी "आजी, इकडे बघा, हसा" म्हणतं आणि ती तसं हसते. ती अशी नाही हो. ती ऐकते तेव्हा भुवया किंचित वर जातात, आणि उत्तर ओठावर आलेलं असतं.

पडवीत तिची लाकडी खुर्ची आहे. उत्तरेकडून मऊ उजेड येतो. मी एक स्टूल घेतलं, तिच्या डाव्या कानाच्या बाजूला सात फूट मोजून बसलो आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागलो. सात फुटांवर ती हसली. तेच हसू. पाच फुटांवर आलो, अर्ध्या वाक्यांना "काय?" म्हणाली. तीन फुटांवर गेलो तर म्हणाली, "अरे अंगावर काय येतोस?" आणि खुर्चीत मागे सरकली. चार फुटांवर मात्र आमचं बोलणं सुरू झालं ते अर्धा तास चाललं. पोफळीच्या बागेवरून, माझ्या भाचेसुनेच्या नोकरीवरून, आणि आमच्या आईच्या हातच्या आंबोळ्यांवरून वाद! टेपवर पुन्हा पाहिलं. चार फूट आणि वर दोन बोटं.

म्हणून १०५.

मुंबईला फोर्टात बोरा बाजारात जाऊन शोधली. दुकानदाराने १३५ आणि १८० सुद्धा काढून दाखवल्या. १८० हातात घेतली तेव्हा मोह झाला, खोटं कशाला बोलू? तिची ख्यातीही तशीच आहे. पण सात फुटांवरच्या त्या हसण्याचं काय करणार होतो?

जुनी लेन्स घेताना मी जे पाहिलं ते इथे लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं. पहिलं म्हणजे बुरशी. आपल्या हवेत, त्यातही कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात, बंद पेटीतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात. छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं पाहायचं. वरचं भिंग खराब असलं तर एक वेळ चालेल, त्यातून फक्त बघायचं असतं. खालचं स्वच्छच हवं. दुसरं म्हणजे शटर. या कॅमेऱ्यांचं शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे प्रत्येक लेन्सचं वेगळं तपासावं लागतं. वंगण घट्ट झालं की सावकाश चालणारे वेग आधी अडखळतात. एक सेकंदावर लावून घड्याळाशी ताडून पाहायचं आणि ती घर्रर्र मध्येच रेंगाळत नाही ना, हे ऐकायचं. आणि घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायची. आमच्याकडे पूर्वी शेवयांसाठी असलेला डबा आता लेन्सचा झाला आहे. त्यावर घरात काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

जानेवारीत पुन्हा अक्काकडे गेलो. ४०० स्पीडची कृष्णधवल फिल्म, एफ ८, एक साठांश सेकंद, कॅमेरा तिपाईवर. एफ ३.५ वर चार फुटांवरून जेमतेम पाच सेंटिमीटर खोलीचाच भाग रेखीव येतो, डोळे धरले तर कान गेले. एफ ८ वर ती खोली दुपटीहून वाढते. दोन भिंगांमध्ये पाच सेंटिमीटरचं अंतर असल्याने वरून डोक्यापर्यंत दिसणारी अक्का खालच्या भिंगातून अंबाड्याशी कापली जाते, म्हणून काचेत बघून झाल्यावर तिपाईचा दांडा पाच सेंटिमीटर वर घ्यायचा. शटरची कळही प्रत्येक वेळी हातानेच चढवायची.

मी मान खाली घालून काचेत बघत बोलत होतो, तर म्हणाली, "वर बघून बोल. तोंड दिसलं नाही तर मला काय कळणार?" ती ओठांवरूनही ऐकते, हे मला तोवर नीट उमगलं नव्हतं. मग सगळं आधी जुळवून घेतलं, केबल रिलीज हातात धरली आणि तिच्याकडे बघत बोलत राहिलो. आंबोळ्यांचा वाद पुन्हा काढला. तासाभरात बारा फोटो.

फिल्म घरी न्हाणीघरात टाकीत धुतली, प्रिंट पुण्याहून करून आणला. बारा बाय बारा इंच. नाक अंमळ मोठं आलंय, ते दहा टक्के आहेतच. पण नाक तिचंच आहे, आमच्या आईचंही असंच होतं.

प्रिंट नेऊन दिला तेव्हा अक्काने तो खिडकीशी धरून पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही कुणाचं तरी ऐकतेय."

मला वाटलं ती तो कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली ठेवेल. पण तिने भाच्याला स्टूल आणायला लावलं आणि तो दाजींच्या फोटोशेजारी टांगून घेतला. हार न घालता. आता सकाळी दोन्ही काचा ती स्वतःच पुसते.

लेन्स अजून कॅमेऱ्यावर तशीच आहे. मधल्या काळात आमच्या शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांनी, जरा आडवळणाने, "तुमच्या अक्कांचा फोटो छान आलाय म्हणे" असं विचारून पाहिलं. एकांना डोळ्यांनी कमी दिसतं, त्यांना माझा आवाज पुरेल. दुसरे पूर्वीपासूनच कुणाला फार जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी बहुधा १३५ बघावी लागेल. पुढच्या आठवड्यात टेप घेऊन जाणार आहे.