इन्चार्ज

भारतातील बहुतेक भाषांच्या मुलखांत वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेला ‘इन्चार्ज’ म्हणतात. इंग्रजीतील एक शब्दप्रयोग येथे येऊन नाम झाला, आणि नाम होताना त्याने अधिकार तेवढा जवळ ठेवला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) या पुस्तकात त्याचा अर्थ निराळा आहे. सगळी कामे स्वतः उरकणारी बाई त्यांच्या मते इन्चार्ज नव्हेच. आपण असताना जे होते ते आपल्या माघारीही होईल अशी व्यवस्था जिने लावली, ती इन्चार्ज.

बाईंची स्वतःची शिस्त मात्र करडी होती. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीला पोहोचल्या, तेव्हा डॉक्टरांनी बोलावल्याखेरीज रुग्णाच्या शुश्रूषेला जावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता. लष्करी डॉक्टरांचा विश्वास संपादन करावयाचा होता, हे खरे. पण कारण मागे पडले आणि दंडक तेवढा परंपरेत उरला. त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये सॅनिटरी कमिशनने गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि मगच ते झपाट्याने उतरले. दिवा घेऊन फिरणाऱ्या देवीच्या चित्रात हा तपशील सहसा नसतो. बाईंनी स्वतः मात्र लष्करातील मृत्यूंचे आकडे १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून जगापुढे ठेवले. शिस्तीपेक्षा हा गुण मोठा; अनुकरण झाले ते शिस्तीचे!

गेल्या शतकाच्या अखेरीस एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषीने दोन रुग्णालयांतील ८ विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुका तपासल्या. जेथे नेतृत्व चांगले, तेथे चुका कमी, ही अपेक्षा. आढळले उलटेच: तेथे नोंदलेल्या चुका अधिक होत्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी याचा उलगडा केला. तेथे चुका अधिक होत नसाव्यात, त्या अधिक सांगितल्या जात होत्या. जेथे प्रमुखाच्या रागाचा धाक, तेथे कागद निर्मळ राहत होता.

अशा निर्मळ कागदाची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो. रात्रपाळीची नवखी परिचारिका सलाइनच्या बाटलीपाशी थबकते; मात्रा चुकल्याची शंका तिला आलेली असते. डॉक्टरांना उठवावे, की तक्त्यावर मुकाट्याने सही करावी? रुग्ण झोपेत आहे. इन्चार्जबाई घरी गेलेल्या आहेत.