वाऱ्याला वाट

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी गाडीचे फोटो पाहून दोघा-तिघांनी फोनवर विचारलं की काचेवर ते शिंगासारखं काय बसवलंयस. एका मामेभावाने तर "वय झालं की असंच होतं, आधी काच उंच होते, मग गाडीला चार चाकं लागतात" असंही ऐकवलं! प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं. ज्यांना मोटारसायकलीचं वेड नाही त्यांनीही वाचावं ही विनंती. गाडीच्या निमित्ताने अण्णांबद्दलही थोडं लिहायचं आहे.

तर, त्या वस्तूला विंड डिफ्लेक्टर म्हणतात. वारा वळवणारी पट्टी. हाताच्या पंजाहून थोडी मोठी, पारदर्शक, किंचित बाक दिलेली. गाडीच्या मूळ काचेच्या वरच्या कडेला ती दोन चिमट्यांनी बसते. चिमट्यांना आतून रबर असतं, आणि स्क्रू सैल केला की उंची आणि कोन दोन्ही बदलता येतात. नाना पेठेत दोन-तीन दुकानं हिंडून घेतली. घेताना अ‍ॅक्रिलिकची नको, पॉलिकार्बोनेटची द्या म्हणून हट्ट धरला. अ‍ॅक्रिलिक दिसायला छान, पण फुटलं की त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर उठतात, पण ते सहसा फुटत नाही. तोंडासमोर एक फुटावर काय असावं याचा विचार केला की निवड सोपी होते.

आता मुळात ही लागतेच कशाला? गावात गाडी चालवताना वारा म्हणजे सुखच असतं. चाळीसच्या वेगाने, संध्याकाळी, शर्टात वारा भरलेला... त्यासाठीच तर माणूस दुचाकी घेतो. पण वाऱ्याचा हिशोब सरळ नाही. वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि मी ती पाळतो (बायको मागे बसलेली असते, न पाळून सांगतो कोणाला!). त्या ८० च्या वेगाला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला साधारण ३० किलो वजनाएवढी रेटते. आपली छाती आणि खांदे मिळून काही चौरस मीटर भरत नाहीत, पण तरीही आठ-दहा किलो तांदळाची पिशवी कोणीतरी सतत छातीवर टेकवून ठेवावी एवढा भार होतोच. पुण्याहून इचलकरंजीला आमच्या घरी जायचं तर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. मधले चहा-नाश्ता धरून पाच तास. म्हणजे पाच तास पिशवी पेलायची, आणि वर मान ताठ ठेवायची.

पण खरा त्रास या रेट्याचा नसतो. सरळ, एकसारखा रेटा अंगाला सवयीचा होतो. त्रास होतो तो खळबळीचा. काच वारा अडवते असं आपण म्हणतो, पण वारा कुठे अडतोय? तो फक्त दुसरीकडे जातो. पावसाळ्यात पुलावर उभं राहून खांबामागचं पाणी कधी पाहिलंय? समोरून पाणी शांतपणे येतं, खांबाला वळसा घालतं आणि मागे भोवरेच भोवरे. काचेच्या वरच्या कडेला नेमकं हेच होतं. वरून वेगात जाणारी हवा आणि काचेमागची मंद हवा यांच्यामध्ये एक भांडणाचा पट्टा तयार होतो. आपलं हेल्मेट त्या पट्ट्यात सापडलं की डोकं थडथड हलायला लागतं, पाट्यांवरची अक्षरं नाचतात, आणि आवाज असा होतो की पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात.

यावर उपाय दोनच. एक तर काच इतकी खाली आणायची की हेल्मेट स्वच्छ, सरळ हवेत राहील. नाहीतर तो पट्टा उचलून डोक्याच्या वरून न्यायचा. डिफ्लेक्टर दुसरं काम करतो. त्यातली एक गंमत म्हणजे पट्टी आणि मूळ काच यांच्यामध्ये बोटभर फट ठेवतात. त्या फटीतून थोडी हवा मुद्दाम काचेमागे सोडायची. तिने मागची पोकळी थोडी भरून निघते आणि भोवरे मवाळ होतात. सगळं बंद करण्यापेक्षा थोडी वाट ठेवलेली बरी.

हा खटाटोप काही आजचा नाही. इटलीत मोटो गुझीने १९५० साली मोटारसायकलींसाठी स्वतःचा विंड टनेल बांधला, पण तो शर्यतीसाठी, गाडी जोरात पळावी म्हणून. त्या काळात पुढचं चाकसुद्धा झाकून टाकणारी मोठी कवचं शर्यतीच्या गाड्यांना लावत. १९५८ पासून ती बाद झाली, कारण आडवा वारा लागला की गाडी हाताबाहेर जायची. चालवणाऱ्याला बरं वाटावं म्हणून वारा वळवायचं काम पुढे १९७० च्या दशकात जोरात सुरू झालं. अमेरिकेत क्रेग व्हेटरने विंडजॅमर नावाचं कवच आणलं, जे निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना बसवता यायचं. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली, तिचं कवच पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये तपासून घडवलेलं होतं. त्या सगळ्यांसमोर माझी पट्टी म्हणजे अगदीच शेंडेफळ! पण घराणं तेच.

असो. आता अण्णांकडे येतो.

घरच्यांना माहीतच आहे, इतरांसाठी सांगतो. अण्णांनी बत्तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर काढली. एका शेडमध्ये चोवीस माग, वर पत्रा. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जायचा आणि प्रत्येक वेळी लाकडाचा एक ठोका. असे चोवीस. लहानपणी डबा द्यायला गेलो की दारातच कानावर हात जायचे. आत मात्र सगळे ओठांच्या हालचालींवरून आणि बोटांच्या खुणांवरून निवांत गप्पा मारत असायचे. मला ते फार भारी वाटायचं. कानात कापसाचा बोळा घालणारा एखादा असायचाच, आणि त्याला हसणारे दहा. "आवाजच आहे की, चावतोय व्हय?" हे तिथलं ठरलेलं वाक्य.

आज अण्णांच्या दोन्ही कानांना मशीन आहे. तरी मशीन लावून सगळं परत येत नाही. आवाजाने जाणारा कान आधी वरच्या पट्टीतला जातो. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त अशी हलकी व्यंजनं गळून पडतात. त्यामुळे पाच आणि सात त्यांना सारखेच ऐकू येतात. दुकानदाराने पाच म्हटलं की सात, हे नंतर चेहरा बघून ठरवायचं. नातीचं बोलणं तर त्यांना गाण्यासारखं ऐकू येतं, सूर कळतो, शब्द नाही. ती बोलते आणि हे हसून मान हलवतात. मान हलवण्यावरून आम्हाला कळतं की काहीच ऐकू आलेलं नाही.

२०२३ च्या हिवाळ्यात मी एका मोठ्या फेरीवरून परत आलो आणि कानातला 'शूं' आवाज रात्रभर गेला नाही. एरवी तासाभरात जायचा. तीन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्या बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि कागद समोर ठेवला. रेष बऱ्यापैकी सपाट, फक्त डाव्या कानाला ४००० हर्ट्झपाशी एक छोटी खाच. "तुम्ही कारखान्यात काम करता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, बाबा करायचे. अण्णांचा कागद मी पाहिलेला आहे. त्यात त्याच जागी दरी आहे.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतील. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज महामार्गाच्या वेगाला नव्वदीत सहज जातो, आणि हेल्मेट खळबळीच्या पट्ट्यात असेल तर आणखी वर. इंजिनाचा आवाज त्यात कुठल्या कुठे हरवतो. आणि आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशी एकदा गेल्या त्या परत उगवत नाहीत.

म्हणून ती पट्टी, मामेभाऊ. काच उंच झाली ती यासाठी.

पट्टी घेतल्यावर ती कुठल्या कोनात लावायची हे मात्र दुकानदार सांगू शकत नाही. प्रत्येकाची उंची वेगळी, सीट वेगळी, हेल्मेट वेगळं. मी ती घेऊन थेट इचलकरंजीला गेलो. अण्णा अंगणात खुर्ची टाकून माझी खटपट बघत होते. मी त्यांना (मोठ्याने, तोंड समोर करून) सांगितलं की वारा कुठून कसा जातो ते दिसत नाही, म्हणून अडचण आहे. ते म्हणाले, "वारं दिसत न्हाई, पण सूत दिसतंय की." आत गेले आणि जुन्या कांडीवरचं सूत घेऊन आले. बोटभर लांबीचे वीस-बावीस तुकडे तोडले आणि चिकटपट्टीने काचेच्या कडेला, पट्टीवर आणि माझ्या हेल्मेटच्या कपाळावर लावले. विमानाच्या पंखांवरचा वारा तपासायला इंजिनिअर लोक अशीच दोऱ्यांची रीत वापरतात, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना सूत ठाऊक होतं.

मग मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोन गाड्या काढल्या. मी माझ्या गाडीवर, आणि शेजारच्या लेनमध्ये चुलतभावाच्या कारमध्ये अण्णा, खिडकीला नाक लावून. जिथे सूत काचेला चिकटून सरळ मागे जातं तिथे हवा गुण्यागोविंदाने वाहतेय. जिथे ते वेड्यासारखं फडफडतं तिथे भोवरा. पहिल्या फेरीत हेल्मेटवरचे सगळे धागे नाचत होते. पट्टी दोन बोटं वर, कोन थोडा मागे. दुसरी फेरी. पुन्हा थोडं. चौथ्या फेरीनंतर अण्णा कारमधून उतरले आणि हाताने खूण केली, तळवा आडवा धरून सरळ मागे नेला. मागावर ताणा नीट बसला की ते एकमेकांना हीच खूण करायचे. बत्तीस वर्षं बिघडलेला धागा लांबून ओळखणारी नजर आहे ती. कान गेले, ती नाही गेली.

एवढ्यावर संपलं नाही. मागे बायको बसली आणि दहा किलोमीटरवर तिने पाठीवर थाप मारली. मागची सीट चार बोटं उंच, त्यामुळे माझ्या डोक्यावरून गेलेला पट्टा तिच्या हेल्मेटवर उतरत होता! माझा वारा मी तिच्याकडे पाठवला होता म्हणा ना. मग धाग्यांची फेरी तिच्या हेल्मेटसकट पुन्हा. शेवटी जो कोन ठरला त्यात मला थोडं वारं लागतं, तिला थोडं लागतं, आणि दोघांचीही मान दुखत नाही. संसारात याहून बरा तह मी तरी पाहिलेला नाही.

कोणी लावणार असाल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. पट्टीच्या वरून रस्ता दिसला पाहिजे, पट्टीतून नाही. रात्री पावसात समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यावर फुटतो. फार उंच लावू नका. काचेमागे पोकळी वाढली की हवा पाठीमागून ढकलायला लागते, आणि आडव्या वाऱ्यालाही जास्त जागा सापडते. कराडच्या अलीकडे-पलीकडे मोकळ्या माळावर, किंवा मोठ्या ट्रकच्या बाजूने पुढे जाताना, हँडल किंचित हलकं झाल्यासारखं जाणवतं. दर हजार किलोमीटरला चिमट्याचे स्क्रू बघा. आणि मुख्य म्हणजे, पट्टी लावली म्हणून कान वाचले असं नाही. ती डोक्याची थडथड घालवते, आवाज थोडा उतरवते. बाकीचं काम फोमचे इअरप्लग करतात, आणि ते मी दर वेळी घालतो. हॉर्न त्यातूनही कळतो, कारण वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली येतात.

परवा सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. खाच आहे तेवढीच आहे. भरणार नाही हे ठाऊक होतं, वाढली नाही हे पुष्कळ झालं. कागद अण्णांना दाखवला. त्यांनी बराच वेळ ती रेष बोटाने चाचपली आणि म्हणाले, "त्या वेळी आम्हाला कोणी सांगितलं असतं तर मी कापूस घातला असता रे. हसू दे की हसत्यात ते."

कोणाला करून बघायचं असेल तर सुताचे तुकडे मागवून घ्या. अण्णांकडे दोन कांड्या अजून शिल्लक आहेत. फोन करणार असाल तर मात्र त्यांना नका करू, मला करा. आणि आकडा सांगायचा असेल तर पाच-सात सोडून कुठलाही सांगा.