बिंदू आणि देह

उपग्रहांवरून ठिकाण सांगणारे तंत्र आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. पत्ता शोधताना चार-पाच मीटरची चूक आपण सहज पोटात घालतो. आल्प्सच्या बर्फाळ उतारावर ती चालत नाही. डाउनहिल शर्यतीतील स्कीपटू ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेग गाठतो; म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात तो सुमारे 28 सेंटिमीटर पुढे जातो. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये डॉमिनिक गिसिन आणि टीना माझे यांची वेळ शंभराव्या भागापर्यंत सारखीच भरली आणि सुवर्णपदक दोघींना मिळाले.

घड्याळ एकूण वेळ सांगते. कोणत्या वळणावर देहाने किती भार सोसला, हे सांगत नाही. ते जाणण्यासाठी संशोधकांनी स्कीपटूच्या हेल्मेटवर अँटेना आणि पाठीवरील पिशवीत ग्राहकयंत्र बसवले. दुसरे ग्राहकयंत्र उताराजवळ, अचूक मोजलेल्या जागी स्थिर ठेवले. वातावरणातून येताना संकेतांत शिरणारे दोष दोन्हीकडे जवळजवळ सारखे असतात. स्थिर यंत्राच्या आधारे ते वजा केले, की वेगाने उतरणाऱ्या माणसाचे ठिकाण काही सेंटिमीटरपर्यंत कळते.

बोलींचे ध्वनिलेखन करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. कागदावर उमटलेली चिन्हे म्हणजे बोलणारा माणूस नव्हे, हे त्या कामाने मला शिकवले. म्हणूनच या मोजणीतील पुढची पायरी मला अधिक मोलाची वाटते. हेल्मेटचा मार्ग हा देहाचा मार्ग नसतो. वळणावर स्कीपटू आतल्या बाजूला झुकतो. डोके एका रेषेने जाते, गुरुत्वमध्य दुसऱ्या. संशोधक देहाला बर्फावर टेकलेला उलटा लंबक मानतात आणि डोक्याच्या स्थानावरून गुरुत्वमध्याचा अंदाज बांधतात. वेग, वळणाची त्रिज्या आणि देहावरील बल यांचे गणित त्यानंतर मांडले जाते.

विश्वचषकाच्या उतारांवर अशी मोजणी झाली, तेव्हा यंत्रे स्पर्धकांच्या नव्हे, तर त्यांच्याआधी मार्ग पारखत उतरणाऱ्या स्कीपटूंच्या अंगावर होती. त्यातून एक महत्त्वाचा भेद पुढे आला. जायंट स्लॅलममध्ये धोका मुख्यतः लहान त्रिज्येच्या, सलग येणाऱ्या वळणांच्या भाराशी निगडित दिसतो; डाउनहिलमध्ये तो प्रचंड वेगाशी आणि उड्यांशी. तेव्हा दोन्ही शर्यतींना सुरक्षिततेचा एकच नियम पुरणार नाही.

आलेखावरील बिंदूला गुडघा नसतो. तो मोडतो माणसाचा. उतारावर पुढचे दार कोठे रोवायचे हे ठरवणाऱ्याने आलेख वाचताना तो गुडघा डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.