आधीं बोलणारा

दिवाळींत पत्ते खेळावेत, पण पैशांऐवजीं चिंचोके लावावेत, असा आमच्या आईचा दंडक होता. तो आम्ही अजून पाळतों.

यंदा टेक्ससहून आलेल्या भाच्यानें तीनपत्ती बाजूस सारून पोकर शिकविला. प्रत्येकाला दोन पानें झांकलेलीं मिळतात. मध्यें सर्वांसाठीं आधीं तीन, मग एक, मग आणखी एक अशीं पांच उघडीं मांडतात. दर टप्प्यास बोली होते. वाटणाऱ्याच्या डावीकडे बसलेल्यास पानें उघडल्यावर दर वेळीं प्रथम बोलावें लागतें. ती जागा आमची होती.

आम्हीं पानें उचललीं, तों दोन एक्के! असा योग २२१ वाटपांत सरासरीनें एकदां येतो. आम्हीं मनांत म्हटलें, पांखरें उडवावयाचीं नाहींत. बोली वाढविली नाहीं. चौघेहि स्वस्तांत आंत आले. दश्शी, नव्वी, दुर्री उघडली. आम्ही पुन्हां धूर्तपणें गप्प. कोणींच बोली लावली नाहीं. मग अठ्ठी फुकट आली आणि आम्हीं होते नव्हते ते चिंचोके पुढें सारले. बहिणीनें शांतपणें सत्ती व छक्की दाखविली. सहापासून दहापर्यंतची तिची माळ पुरी झाली होती.

“मामा,” भाचा म्हणाला, “एक्क्यांची जोडी एका गड्याच्या कोणत्याहि पानांपुढें शंभरांत सुमारें ८५ वेळां जिंकते, चौघांपुढें सुमारें ५६ वेळां. शेवटीं बोलणाऱ्याला थांबणें परवडतें, कारण त्यानें सर्वांचें ऐकलेलें असतें. आधीं बोलणाऱ्यास मागच्यांचें मन कळत नाहीं. पानें चांगलीं असलीं तर त्यानें प्रथमच मोठी बोली करावी. गर्दी पांगते, आणि जो उरतो त्याला पुढचें पान फुकट मिळत नाहीं. तरीहि कधीं हरावें लागतें. पण तें हरणें वेगळें.”

आम्हांस एक जुनी संध्याकाळ आठवली. बहिणीला पुण्याच्या कॉलेजांत प्रवेश मिळाला होता. वडिलांनीं पहिल्यानें आम्हांसच विचारलें. आमच्या हातीं पानें उत्तम होतीं: तिचे गुण, मंजूर झालेली शिष्यवृत्ति, वसतिगृहांतील जागा. परंतु आम्ही म्हणालों, “सर्वांचें काय मत आहे तें पाहूं या.” शेवटीं एकेक मुद्दा मांडून बाजी मारूं, असा आमचा बेत. मग काका खर्चावर बोलले, आत्या लग्नावर बोलली, आणि प्रत्येकाच्या बोलण्यासरशी वडिलांचा चेहरा घट्ट होत गेला. आमची पाळी आली तेव्हां निर्णय झालेला होता. ती गेली नाहीं. त्या रात्रीं आम्हीं स्वतःस संयमी म्हणवून घेतलें. भित्रा हा शब्द सुचावयास इतकीं वर्षें लागलीं.

बहीण चिंचोके पदरांत ओढीत होती. आमच्याकडे न पाहतां ती हंसून म्हणाली, “दादा, तू नेहमींच उशिरां बोलतोस.”

तिला डावाविषयींच म्हणावयाचें होतें काय, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आम्हीं पत्ते पिसावयास घेतले.