भाकड काळाची वैरण

मैत्रिणींनो, शेअर म्हटलं की आपल्याकडे अजून सट्टाच आठवतो, नाही का? आमच्या लोणी देवकरला शिकवण्या आणि शाळेतली अर्धवेळ नोकरी यांतून साठवलेले ४० हजार मी शेअरमध्ये घातले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा एखादी म्हैस घ्यायचीस!"

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. पाठोपाठ टाळेबंदी. शाळा बंद, माझा पगारही बंद. किराणा आणि ह्यांची औषधं यांसाठी निम्मे शेअर मी पडत्या भावात विकले. पुढच्याच जानेवारीत सेन्सेक्स ५० हजारांवर पोचला! उरलेल्या शेअरांनी तोटा भरून काढला. विकलेले गेले ते गेलेच.

चूक बाजाराची नव्हती, माझी होती. घरखर्चाचे पैसे तिथं घालायचेच नव्हते. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांखाली आला होता. पुन्हा २१ हजार दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. तोवर चूल थोडीच थांबते? शिवाय सेन्सेक्स सावरला म्हणून आपली कंपनी सावरतेच असंही नाही.

म्हणून आता सहा महिन्यांचा खर्च आधी बँकेत. पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे शेअरमध्ये, तेही एकाच कंपनीत नाहीत.

सासूबाईंना हे सांगितलं, तर हसून म्हणाल्या, "अगं, म्हैस घेतली तरी भाकड काळाची वैरण आधी साठवावीच लागते!"